आर कन्सोलमधले रंग आपल्या अर्थाने कसे लावायचे? (पावसाच्या तक्त्यासाठी)

पाऊसपाणी (पाषाण)

नमस्कार मंडळी,

पावसाळ्याचे चार महिने माझं सकाळचं काम ठरलेलं असतं. पुणे जिल्ह्याच्या तालुक्यांचा पाऊस आर या संगणक भाषेत घ्यायचा, सरासरीपेक्षा किती टक्के कमी-जास्त ते काढायचं, तक्ता कन्सोलवर (जिथे आज्ञा लिहितो आणि निकाल दिसतो त्या खिडकीत) वाचायचा आणि शेतीसल्ला लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना दुपारच्या आत कळवायचं. आलेख आणि नकाशे नंतर होतात. पहिला निर्णय कन्सोलवरचा तक्ता बघूनच होतो, म्हणून त्या तक्त्याच्या रंगांबद्दल मी इतक्या तपशिलात विचारतेय.

अडचण अशी की टिबल (आरमधला एक प्रकारचा तक्ता) छापलं की ते छापणारं पिलर पॅकेज प्रत्येक उणे आकडा लाल करतं. जमाखर्चात ते चालेल, पावसात चालत नाही. हवामान खात्याच्या वर्गवारीत उणे १९ ते अधिक १९ टक्के हा सगळा पट्टा सर्वसाधारण धरतात. उणे २० ते उणे ५९ ही तूट, उणे ६० ते उणे ९९ मोठी तूट आणि उणे १०० म्हणजे पाऊसच नाही. वरच्या बाजूला २० ते ५९ जास्त, ६० आणि त्यापुढे खूप जास्त. समजा भोरला उणे ८ आहे आणि इंदापूरला उणे ६५. कन्सोल दोन्ही सारख्याच लाल रंगात दाखवतो. मुळशीत अधिक ७० असेल तर तो आकडा मात्र साध्या रंगात गर्दीत बसून राहतो. जुलैमध्ये मला तोच सगळ्यांत आधी दिसायला हवा. टेमघर, वरसगाव, पानशेत या धरणांच्या पाणलोटात कोसळलेला पाऊस खडकवासल्याला येतो आणि तिथून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो.

म्हणजे रंग आकड्याच्या चिन्हावरून ठरतोय आणि मला तो वर्गवारीवरून ठरायला हवाय. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. डोळा आधी रंग वाचतो, आकडा नंतर. चुकीचा रंग लागला की बरोबर आकडासुद्धा चुकीचा वाचला जातो.

आता प्रश्न. हा आपोआप येणारा लाल बंद कसा करायचा? स्वतःच्या पट्ट्यांप्रमाणे रंग कसे लावायचे? मी एसएसएचने (दुरून जोडून) लिनक्स सर्व्हरवर असते, सहकारी विंडोजवर आरस्टुडिओ (आर चालवायचा तयार प्रोग्रॅम) वापरतात, दोघांनाही तेच दिसेल का? आणि रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालणाऱ्या स्क्रिप्टच्या लॉगमध्ये या रंगांचं काय होतं?

बावधनकर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. 'पिलर.नेग' नावाचा ऑप्शन आहे, तो फॉल्स करा, उणे आकडे लाल होणं थांबेल. कायमचं हवं असेल तर होम फोल्डरमधल्या '.आरप्रोफाइल' फाइलमध्ये लिहून ठेवा. 'युज़धिस' पॅकेजमध्ये ती फाइल थेट उघडणारं फंक्शन आहे.

एक काळजी घ्या. '.आरप्रोफाइल'मधल्या दिसण्याच्या सगळ्या गोष्टी 'इंटरॅक्टिव्ह' आहे का ही अट घालूनच लिहा. नाहीतर त्या क्रॉनमधल्या स्क्रिप्टलाही लागतात आणि तिथे कोणी बघणारं नसतं.

जुना_टर्मिनल (सदाशिव पेठ)

पाऊसपाणी, प्रश्न छान मांडलात. दुसऱ्या प्रश्नाकडे जाण्याआधी टर्मिनलवर रंग येतो कसा ते सांगतो. ते कळलं की पुढच्या बऱ्याच अडचणी आपोआप सुटतात.

आर स्वतः रंग काढत नाही. तो फक्त अक्षरं पाठवतो. त्या अक्षरांत मधेच एक खूण घातली जाते: एस्केप हे अक्षर (दशमानात २७, अष्टमानात ३३), त्यापाठोपाठ उघडता चौकोनी कंस, मग एखादा आकडा आणि शेवटी रोमन लिपीतलं छोटं एम. टर्मिनल ही खूण छापत नाही, ती आज्ञा म्हणून पाळतो. ३१ म्हणजे लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा, ३४ निळा, ३५ किरमिजी, ३६ आकाशी. ४० ते ४७ मागच्या पृष्ठभागासाठी. १ म्हणजे ठळक, ४ म्हणजे अधोरेखित, ० म्हणजे सगळं पूर्ववत. ९० ते ९७ हे त्याच रंगांचे उजळ प्रकार. या खुणांचं ईसीएमए-४८ हे मानक १९७६ सालचं आहे आणि डेक कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलने ती पद्धत सगळीकडे नेली. आज तुमच्या लॅपटॉपवरची खिडकी तीच बोली बोलते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ३१ म्हणजे नेमका कोणता लाल, हे आर ठरवत नाही, तुमच्या टर्मिनलची थीम ठरवते. तोच कोड एका खिडकीत विटकरी दिसतो, दुसरीत गुलाबीकडे झुकतो. सोलराइज्ड डार्क ही लोकप्रिय थीम वापरणाऱ्यांना तर ९० क्रमांकाचा करडा दिसतच नाही, कारण त्या थीममध्ये तो जवळजवळ नाही तर अगदी पृष्ठभागाचाच रंग आहे. पॅकेजं दुय्यम मजकूर करड्यात छापतात आणि लोकांना वाटतं की मजकूर आलाच नाही.

थीमवर अवलंबून राहायचं नसेल तर २५६ रंगांची पद्धत आहे. त्यात ३८, ५ आणि रंगाचा क्रमांक अशी खूण असते. पहिले १६ रंग थीमचेच. १६ ते २३१ हा सहा गुणिले सहा गुणिले सहाचा ठोकळा आणि २३२ ते २५५ या करड्याच्या २४ छटा. ठोकळ्यातला क्रमांक काढायचं सूत्र सोपं आहे: १६, अधिक लालाची पायरी गुणिले ३६, अधिक हिरव्याची पायरी गुणिले ६, अधिक निळ्याची पायरी. पायऱ्या ० ते ५, आणि त्यांच्या किमती ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५. म्हणजे लाल ४, हिरवा १, निळा ० घेतला तर १६६ येतो, गडद शेंदरी. हा रंग बहुतेक टर्मिनलवर सारखाच दिसेल.

नवशिका (विद्यापीठ परिसर)

काका, हे करून बघितलं, पण रंग येतच नाही. एस्केपचा कोड घालून स्ट्रिंग बनवली आणि प्रिंट केली तर उलटी तिरकी रेघ, ०३३, कंस, ३१ असं सगळं जसंच्या तसं छापून येतं. आरस्टुडिओमध्येही आणि टर्मिनलमध्येही.

जुना_टर्मिनल

बरोबर आहे, 'प्रिंट' तसंच करणार. न दिसणारी अक्षरं वाचता यावीत म्हणून तो ती उलगडून दाखवतो. 'कॅट' किंवा 'राइटलाइन्स' वापर, ते अक्षरं आहेत तशी पाठवतात. साध्या डेटाफ्रेममध्ये रंगीत स्ट्रिंग घालून काही होत नाही त्याचं कारणही हेच, डेटाफ्रेम प्रिंटमधूनच छापली जाते. टिबलचं छापणं पिलरकडे असतं, म्हणून तिथे रंग लागू शकतो.

लगेच भेटणारी दुसरी अडचण आत्ताच सांगून ठेवतो. 'एनकॅर' या खुणा मोजतो. 'स्प्रिंटएफ'ला दहा रुंदीचा रकाना सांगितलास तर तोही त्या मोजतो. त्यामुळे रंगवलेल्या ओळी डावीकडे सरकतात आणि रकाने मोडतात. आधी आकडा ठरलेल्या रुंदीत बसवायचा आणि मगच रंगवायचा, हा क्रम कधीही उलटा करू नकोस. कन्सोलवरचा मजकूर सजवणाऱ्या सीएलआय पॅकेजमधलं 'अ‍ॅन्सी_एनकॅर' रंगाच्या खुणा वगळून मोजतं आणि 'अ‍ॅन्सी_अलाइन' त्याप्रमाणे रकाना जुळवतं.

बावधनकर

काकांनी सीएलआयचं नाव काढलंच आहे म्हणून पुढचं मी सांगतो. हाताने कोड लिहू नका, सीएलआय वापरा. आधी याच कामासाठी क्रेयॉन होतं आणि अजूनही बऱ्याच जुन्या स्क्रिप्टमध्ये दिसतं, पण नवीन काही लिहिताना सीएलआयच घ्या. 'कॉल_रेड', 'बीजी_यलो', 'स्टाइल_बोल्ड' अशी तयार फंक्शनं आहेत, आणि 'मेक_अ‍ॅन्सी_स्टाइल'ला हवा तो रंग हेक्समध्ये दिला तर ते स्टाइल बनवून देतं. टर्मिनल फक्त २५६ रंगांचा असेल तर जवळचा रंग ते स्वतः निवडतं.

मुख्य फायदा वेगळाच आहे. समोर खरा टर्मिनल आहे की फाइल, हे सीएलआय आधी तपासतं. 'नम_अ‍ॅन्सी_कलर्स' चालवून बघा. १ आलं तर रंग बंद, २५६ आलं तर २५६, आणि एक कोटी ६७ लाखांच्या वर आलं तर पूर्ण रंग. आउटपुट 'सिंक'ने फाइलकडे वळवलं असेल तर ते रंग आपोआप बंद करतं.

पाऊसपाणी, तुम्ही एसएसएचने जाता म्हणून एक खास गोष्ट. 'टर्म' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एसएसएचबरोबर सर्व्हरवर जातं, पण 'कलरटर्म' सहसा जात नाही. म्हणून लॅपटॉपवर पूर्ण रंग आणि सर्व्हरवर २५६, असं होतं. बिघाड समजू नका. रंग निवडतानाच २५६ मध्ये नीट दिसतील असे निवडले की प्रश्न मिटला.

रंगदृष्टी (औंध)

या चर्चेत मला एक मुद्दा मांडायचाच आहे. मला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. जन्मापासून. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के मोजलेलं आहे, बायकांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आपल्याकडचं प्रमाण काही असो, कोणत्याही मोठ्या कचेरीत माझ्यासारखा एखादा माणूस असतोच आणि बहुतेक वेळा तो बोलत नाही.

हवामान खात्याच्या नकाशात सर्वसाधारण हिरवा आणि तूट लाल असते. माझ्यासाठी ते दोन्ही जिल्हे एकच. मोठी तूट पिवळी असते, ती मला दिसते, पण पिवळा हा लालापेक्षा सौम्य वाटतो, म्हणून नकाशाची सूची वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही. पाऊसपाणी, तुम्ही स्वतःचे रंग ठरवतच आहात तर ही जोडी कृपा करून टाळा.

ओकाबे आणि इतो या दोन जपानी संशोधकांनी रंगांधळ्यांनाही ओळखता येतील असे रंग निवडून दिलेत. आर ४.०.० पासून, म्हणजे २०२० पासून, 'पॅलेट.कलर्स' हे फंक्शन काही न सांगता तेच रंग देतं. त्यातला शेंदरी म्हणजे लाल २१३, हिरवा ९४, निळा ०. काकांनी वर काढलेला १६६ क्रमांक २१५, ९५, ० आहे, म्हणजे जवळजवळ तोच. आकाशी निळा ८६, १८०, २३३ आहे, त्याला ७४ क्रमांक जवळचा. शेंदरी आणि आकाशी ही जोडी मला लांबूनही वेगळी दिसते. मी याच जोडीवर रोज काम करतो.

आणि फक्त रंगावर भिस्त ठेवू नका. शेजारी एखादं अक्षर किंवा बाण द्या.

सीएलआयमध्ये 'सीएलआय.पॅलेट' हा ऑप्शन आहे, त्याला 'डायक्रो' ही किंमत दिली की नेहमीचे आठ रंगच रंगांधळ्यांना सोयीच्या छटांमध्ये बदलतात. दुसऱ्यांची पॅकेजं वाचताना मला त्याने फार मदत होते.

पाऊसपाणी

रंगदृष्टी, मनापासून आभार. आमच्याकडे कोणाला ही अडचण आहे का हे मी कधी विचारलेलं नाही, आता विचारायची गरजही नको. तक्ता सगळ्यांना वाचता येईल असाच करते.

तुमच्या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडून आणखी एक कारण जोडते. आमचा तक्ता कन्सोलवरून उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. चिकटवताना रंग गळून पडतात, अक्षर टिकतं.

म्हणून आता असा आराखडा ठरवलाय. खूप जास्त: आकाशी पृष्ठभाग, काळी अक्षरं, दोन वर-बाण. जास्त: आकाशी अक्षरं, एक वर-बाण. सर्वसाधारण: रंग नाही, खूण नाही. तूट: शेंदरी अक्षरं, एक खाली-बाण. मोठी तूट: शेंदरी पृष्ठभाग, काळी अक्षरं, दोन खाली-बाण. पाऊस नाही: शेंदरी पृष्ठभाग आणि बाणाऐवजी शून्य. सर्वसाधारणला रंग न देणं मी मुद्दाम ठरवलंय. दहा तालुके सर्वसाधारण असतील आणि सगळे हिरवे रंगवले तर उरलेले चार शोधायला पुन्हा डोळे ताणावे लागतात.

टिबलमध्ये हे बसवण्यासाठी तफावतीच्या रकान्याला स्वतःचा क्लास दिला. 'व्हीसीटीआरएस'च्या 'न्यू_व्हीसीटीआर'ने तो बनवला की फिल्टर, अरेंज वगैरे केल्यावरही क्लास टिकतो. मग त्या क्लाससाठी 'पिलर_शाफ्ट' ही मेथड लिहिली. आत तीनच पायऱ्या आहेत: आकडा पूर्णांकात आणणं, 'कट'ने वर्ग ठरवणं आणि रुंदी बसवून झाल्यावर रंग लावणं. शेवटी 'न्यू_पिलर_शाफ्ट_सिंपल'ला रंगवलेल्या स्ट्रिंग द्यायच्या आणि उजवीकडे जुळवायला सांगायचं. पूर्णांकाची पायरी आधीच हवी. खात्याचे वर्ग पूर्णांकात दिलेले आहेत आणि उणे १९.६ सारखा आकडा दोन वर्गांच्या मध्ये पडतो, तो न गोलवता 'कट'ला दिला तर चुकीच्या वर्गात जाऊ शकतो.

तक्त्यात गोलवलेला आकडा दिसतो आणि गणितासाठी आतली किंमत अचूक राहते, हे मला या पद्धतीतलं सगळ्यांत आवडलेलं.

स्टाटावाली (डेक्कन)

मी अर्थशास्त्रातली, घरगुती सर्वेक्षणांचं काम स्टाटा या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. तुमचा रंग आणि अर्थाचा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं, कारण स्टाटात हा विचार मुळातच आहे.

स्टाटाच्या प्रोग्रॅममध्ये सहसा 'हे लाल छाप' असं लिहीत नाहीत. 'डिस्प्ले अ‍ॅज एरर', 'अ‍ॅज रिझल्ट', 'अ‍ॅज टेक्स्ट', 'अ‍ॅज इनपुट' असं लिहितात. मजकूर कशाचा आहे ते सांगायचं, रंग प्रेफरन्सेसमधली निवडलेली योजना ठरवते. जुन्या क्लासिक योजनेत काळ्यावर हिरवा मजकूर आणि पिवळे निकाल दिसतात, नव्या योजनांत पांढऱ्यावर काळं, पण प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागत नाही. यामागे एसएमसीएल ही स्टाटाची स्वतःची खुणांची भाषा आहे. लॉग त्याच भाषेत ठेवला तर रंगांसकट जपला जातो, साधा मजकूर हवा असेल तर लॉग सुरू करतानाच 'टेक्स्ट' सांगायचं किंवा नंतर 'ट्रान्सलेट' चालवायचं.

सॅस हे दुसरं सांख्यिकी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही त्यांच्या लॉगचे रंग पाठ असतात: नोट निळी, वॉर्निंग हिरवी, एरर लाल.

आरमध्ये अर्थाला नाव देऊन रंग वेगळीकडे ठरवायची अशी सोय आहे का?

बावधनकर

आहे, आणि सीएलआयचा हा भाग लोक फार कमी वापरतात. 'सीएलआय_अलर्ट_डेंजर', 'सीएलआय_अलर्ट_वॉर्निंग', 'सीएलआय_अलर्ट_सक्सेस' ही फंक्शनं अर्थ सांगतात. त्यांचा रंग थीममधून येतो. 'सीएलआय.यूझर_थीम' या ऑप्शनमध्ये एक लिस्ट द्यायची, त्यात प्रत्येक प्रकारासमोर रंग, ठळकपणा, आधी लागणारी खूण असं लिहायचं. ही लिस्ट '.आरप्रोफाइल'मध्ये ठेवली की सीएलआय वापरणारी सगळी पॅकेजं तुमच्या रंगात बोलायला लागतात. रंगदृष्टींना याचा उपयोग व्हावा.

टिबलसाठी मात्र पाऊसपाणींनी केलं तेच योग्य. सहा वर्गांच्या सहा स्टाइल एकाच फाइलमध्ये नावाने बनवून ठेवा आणि मेथडमध्ये फक्त नावं वापरा.

संपूर्ण कन्सोलच रंगवायचा असेल तर लिनक्स आणि मॅकच्या टर्मिनलसाठी 'कलरआउट' पॅकेज आहे. ते क्रॅनवर (आर पॅकेजांच्या अधिकृत भांडारात) नाही, गिटहबवरून घ्यावं लागतं. साध्या प्रिंटमधलेसुद्धा आकडे, उणे आकडे, तारखा, स्ट्रिंग, ट्रू, फॉल्स, वॉर्निंग, एरर असं प्रत्येकाला 'सेटआउटपुटकलर्स'मधून वेगळा रंग देता येतो. रिग्रेशनचे लांबलचक निकाल वाचताना बरं पडतं. पण ते अक्षरं बघून रंग देतं, अर्थ त्याला कळत नाही, त्यामुळे पावसाच्या कामाला उपयोगाचं नाही. आरस्टुडिओ आणि विंडोजवर ते चालतही नाही.

आता क्रॉनचं. सीएलआयमधून आलेले रंग लॉगमध्ये जात नाहीत, कारण समोर टर्मिनल नसतो. हाताने लिहिलेले कोड मात्र जातात आणि लॉग उघडला की प्रत्येक आकड्याभोवती कंस आणि आकडे दिसतात. असा लॉग हाती आला तर 'लेस' कमांडला मोठं आर हा पर्याय देऊन उघडा, रंगांसकट वाचता येईल. कायमची सफाई करायची तर 'अ‍ॅन्सी_स्ट्रिप'. उलट 'टी' कमांडने पडद्यावर आणि फाइलमध्ये एकदम पाठवताना पडद्यावरचेही रंग जातात, तेव्हा 'सीएलआय.नम_कलर्स' ऑप्शन २५६ करून ते सक्तीने चालू ठेवता येतात. आणि सगळीकडचे रंग एकदम बंद करायचे असतील तर 'नो_कलर' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. २०१७ पासून हा संकेत अनेक भाषांतली साधनं पाळतात, सीएलआयही पाळतं.

नवशिका

प्रॉम्प्टला रंग दिला तर लांब ओळ लिहिताना कर्सर भलतीकडे उडतो. वरची कमांड परत आणली की जुनी अक्षरं मागे राहतात. टर्मिनलमध्येच होतं.

जुना_टर्मिनल

प्रॉम्प्टची लांबी रीडलाइन (टाइप होणारी ओळ सांभाळणारा भाग) मोजतो, आणि रंगाच्या खुणा दिसत नाहीत हे त्याला सांगावं लागतं. प्रत्येक खुणेच्या आधी अष्टमान ००१ आणि नंतर अष्टमान ००२ ही अक्षरं घाल. या दोघांमधलं काही मोजायचं नाही, असा त्याचा संकेत आहे. रंग सुरू करणाऱ्या खुणेलाही आणि बंद करणाऱ्या खुणेलाही, दोन्हींना घाल. आरस्टुडिओत प्रॉम्प्टच्या रंगाच्या वाटेला जाऊ नकोस, तिथे थीमच पुरेशी आहे.

पाऊसपाणी

सर्व्हरवर टिबल मस्त दिसतंय. एक गोष्ट मात्र अडली. तालुक्यांची नावं देवनागरीत आहेत आणि त्यानंतरचे सगळे रकाने ओळीओळीला मागेपुढे होतात. रंग काढून टाकले तरी तेच.

जुना_टर्मिनल

हा रंगांचा दोष नाही. 'पुणे' लिहायला यूनिकोडमध्ये चार अक्षरं लागतात: प, उकार, ण, मात्रा. 'एनकॅर' चार सांगतो, डोळ्याला दोन दिसतात. काना आणि वेलांटीला किती जागा द्यायची याबाबत टर्मिनल आणि आर यांचं एकमत होईलच असं नाही. 'शिरूर'पेक्षा 'आंबेगाव' वेगळं सरकतं ते त्यामुळे. जोडाक्षरांचं आणखी वेगळं.

याला सगळीकडे लागू पडणारा उपाय म्हणजे देवनागरी रकाना शेवटी ठेवणं. त्याच्या उजवीकडे काहीच नसलं की मोडायलाही काही उरत नाही. पहिल्या रकान्यात तालुक्याचा क्रमांक ठेवा, मग आकडे आणि खुणा, मग नाव.

नावं रंगवणार असाल तर पूर्ण शब्द रंगवा. रंगाची खूण अक्षर आणि मात्रेच्या मध्ये आली तर मात्रा सुटी पडून तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ येऊ शकतं. नावं कापून छोटी करायची असतील तर 'सबस्टर' नको, सीएलआयचं 'यूटीएफ८_सबस्टर' घ्या, ते मात्रेसकट अख्खं अक्षर उचलतं.

पाऊसपाणी

नाव शेवटी नेलं, तक्ता सरळ झाला! इतका साधा उपाय असेल असं वाटलं नव्हतं. मुळात आकडा आधी आणि नाव नंतर हा क्रम वाचायलाही बरा वाटतोय, कारण माझी नजर तफावतीच्या रकान्यावरून खाली जाते आणि जिथे थांबते तिथेच उजवीकडे नाव मिळतं.

आता सहकाऱ्यांच्या विंडोजचं राहिलं.

नवशिका

हे मला माहीत आहे, आमच्या लॅबमध्ये विंडोजच आहे. आरस्टुडिओ १.१ पासून रंगांचे कोड समजतो. टूल्स, ग्लोबल ऑप्शन्स, कन्सोल इथे अ‍ॅन्सी कोडचं काय करायचं त्याची निवड आहे: रंग दाखवा, कोड काढून टाका, किंवा काहीच करू नका. पहिला पर्याय निवडलेला आहे ना ते बघायला सांगा.

आरबरोबर येणारी विंडोजची साधी खिडकी, आरजीयूआय, हे कोड समजत नाही. तिथे सीएलआय रंग पाठवतच नाही, फक्त बाण दिसतील. देवनागरीसाठी आर ४.२.० किंवा त्यापुढचं आणि विंडोज १० ची पुरेशी नवी आवृत्ती हवी. त्यापासून विंडोजवरही यूटीएफ-८ मूळ एन्कोडिंग झालं. त्याआधीच्या आवृत्त्यांत नावांच्या जागी टोकदार कंसात यू अधिक असे सांकेतिक क्रमांक येऊ शकतात.

आणखी एक, विशेषतः नवीन शिकणाऱ्यांसाठी. आरस्टुडिओच्या बऱ्याच थीममध्ये 'मेसेज'ने छापलेला साधा मजकूरही लालसर दिसतो. पॅकेज लोड झाल्याचा निरोप लाल बघून आमच्या वर्गातली मुलं घाबरून प्रोग्रॅम थांबवतात. एरर असेल तर ओळीच्या सुरुवातीला एरर असा शब्द असतो. तो नसेल तर पुढे जायचं.

रंगदृष्टी

नवशिका, शेवटचं फार बरोबर लिहिलंस. मी कायम शब्दच वाचतो, त्यामुळे मला ती भीती कधी वाटली नाही.

पाऊसपाणी, तो तक्ता आठवड्याच्या अहवालात जाणार असेल तर तिथे काय करणार? एचटीएमएलमध्येही हेच रंग मिळाले तर वाचणाऱ्याला दोन पद्धती लक्षात ठेवाव्या लागणार नाहीत.

बावधनकर

अहवाल बनवणाऱ्या आर मार्कडाउनमध्ये हे रंग आपोआप येत नाहीत. 'फॅन्सी' पॅकेजचं 'सेट_निट_हुक्स' पहिल्या चंकमध्ये चालवा आणि 'सीएलआय.नम_कलर्स' २५६ करा, म्हणजे कोडचं एचटीएमएलमध्ये रूपांतर होतं. एखादाच तुकडा हवा असेल तर सीएलआयचं 'अ‍ॅन्सी_एचटीएमएल' पुरेसं. पीडीएफसाठी हा मार्ग नाही, तिथे तक्ता वेगळा बनवा आणि रंगांचे तेच हेक्स क्रमांक वापरा.

पाऊसपाणी

सहा स्टाइलची फाइल वेगळी केली आहे, कन्सोल आणि अहवाल दोन्ही तिथूनच रंग घेतील. 'पिलर.नेग' बंद करायची ओळ '.आरप्रोफाइल'मधून काढून त्याच फाइलमध्ये आणली, म्हणजे जो ती फाइल चालवेल त्याला पूर्ण योजना एकत्र मिळेल. बारामतीच्या सहकाऱ्याकडे आरजीयूआयच आहे, त्यांना फक्त बाण दिसतील. त्यांच्याशी बोलले, ते म्हणाले बाणांवर काम भागतं, फक्त 'पाऊस नाही'साठी शून्याऐवजी दुसरं काही द्या, आकड्यांच्या रकान्याला लागून आल्यावर ते आकड्याचाच भाग वाटतं. तिथे आता फुली ठेवली आहे.